वाळूत निजणारा मासा

भाषांतर हा ज्याचा पोटापाण्याचा उद्योग आहे, त्याला कोणता शब्द केव्हा कुठे नेऊन सोडील याचा नेम नसतो. काही वर्षांपूर्वी आमच्या मराठी विभागाकडे प्रवाळबेटांवरील एक इंग्रजी लेख भाषांतरासाठी आला. त्यात 'रॅस' नावाच्या माशाचा उल्लेख होता. हाताशी असलेले सगळे कोश चाळून झाले, परंतु या माशाला मराठी नाव काही सापडेना. शेवटी मूळ शब्दच ठेवावा असे ठरले. टंकलेखकाने तो 'रास' असा उतरवला आणि मुद्रितशोधकाने समासात लाल शाईने प्रश्न केला : "कोणती रास? मेष की वृषभ?"

मग मीच हट्टाला पेटले. शोध घेता असे कळले की, इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉल प्रांताच्या जुन्या भाषेतून हा शब्द आला आणि त्याचा मूळ अर्थ 'म्हातारी' असा आहे. शास्त्रज्ञांनी या कुलाला दिलेले 'लॅब्रिडी' हे नाव लॅटिनमधल्या ओठवाचक शब्दावरून पडले, आणि जर्मन लोक तर याला सरळ 'ओठमासा' म्हणतात, कारण याचे ओठ जाड व पुढे आलेले असतात. मी 'ओठाळ' असे नाव सुचवून पाहिले. आमच्या संपादकांनी ते सौम्य हास्य करून नाकारले. तेव्हा आपणही येथे 'रॅस'च म्हणू.

लेख छापून झाला, विसरलाही गेला. माझ्या डोक्यातून मात्र तो मासा जाईना. याचे एक जुने कारण आहे. मी मूळची मालवणची. शाळेच्या सहलीबरोबर मुंबईला गेले असता चर्नी रोडजवळचे, 1951 साली उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय मी पाहिले होते. तेथे एका काचेमागे हिरवा-निळा, शेपटीला चंद्रकोर असलेला मासा शेपूट न हलवता केवळ छातीजवळच्या दोन परांनी, पाखरासारखा उडत असल्यागत पोहत होता. आम्हां किनाऱ्यावरच्या मुलांना मासा म्हणजे टोपलीतला बांगडा. जिवंत मासा असा तासभर पाहत बसण्याची वस्तू आहे हे मला त्या दिवशी प्रथम कळले. तो चंद्ररॅस होता, हे वीस-पंचवीस वर्षांनी लेखाचे भाषांतर करताना उमगले.

एका पुस्तकाच्या भाषांतराचे मानधन हाती आले, तेव्हा आमच्या दिल्लीच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात चार फूट लांबीची, सुमारे साडेतीनशे लिटरांची खाऱ्या पाण्याची टाकी आली. आमच्या घरच्या मंडळींचे मत असे पडले की, समुद्र दिल्लीला आणण्यापेक्षा आपणच दर वर्षी समुद्राकडे गेलो असतो तर स्वस्त पडले असते. त्यात तथ्य आहे. गाळून शुद्ध केलेल्या पाण्यात दर लिटरला सुमारे 35 ग्रॅम या प्रमाणात खास मीठ विरघळवायचे, पाणी बारा महिने 25-26 अंशांवर ठेवायचे, म्हणजे मेमध्ये थंड करणारे यंत्र आणि जानेवारीत तापवणारी कांडी, आणि वीज गेली तर घटावर चालणारा हवेचा पंप. या यंत्रसामग्रीचे वर्णन करून मी आपला वेळ घेणार नाही. एवढेच सांगते, की पाणी भरल्यावर पहिले पाच-सहा आठवडे टाकीत एकही मासा सोडायचा नसतो. माशांच्या उत्सर्गातून होणारा अमोनिया पचवणारे सूक्ष्म जंतू दगडांवर आणि वाळूत जमायला तेवढा अवधी लागतो. ते दीड महिना रिकाम्या पाण्याकडे पाहणे हीच या छंदाची प्रवेशपरीक्षा म्हणावी.

आणखी एक गोष्ट आरंभीच सांगितली पाहिजे. दगडी प्रवाळांना आपल्याकडे 2001 सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने जो मान वाघाला तोच प्रवाळाला. आपण लक्षद्वीपला, अंदमानला किंवा रामेश्वरम्‌कडे गेलात तर किनाऱ्यावरचा तुकडासुद्धा आठवण म्हणून उचलू नये. माझ्या टाकीत आहेत ते मऊ जातीचे, एका छंदी स्नेह्याच्या टाकीतून कापून वाढवलेले छत्रीसारखे प्रवाळ. बाकीचे सारे साधे कोरडे दगड, आता जांभळट शेवाळाने मढलेले.

रॅसच का, असे मला पुष्कळ जण विचारतात. कारण हे कूळ मोठे आहे. पाचशेंहून अधिक जाती त्यात मोडतात. बोटाएवढा रॅस आहे, तसा माणसाहून लांब वाढणारा नेपोलियन रॅसही आहे, ज्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 2004 पासून निर्बंध आहेत. बहुतेक लहान रॅस प्रवाळाला तोंड लावत नाहीत, उलट दगडांवरचे चपटे किडे वेचून खातात. आणि मराठी भाषांतरकाराला त्यांचे विशेष कौतुक अशासाठी, की त्यांतल्या बहुतेकांच्या बाबतीत व्याकरणाचे लिंग निश्चित करता येत नाही! यांच्यात पुष्कळ मासे मादी म्हणून आयुष्य सुरू करतात. थव्यातला नर नाहीसा झाला की सर्वांत थोरली मादी त्याची जागा घेते, आणि ती नुसती थाटापुरती नव्हे. ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळभित्तीवर काम करणाऱ्या रॉबर्टसन यांनी 1972 साली दाखवून दिले की, साफकरी रॅस जातीतली अशी मादी काही तासांतच नरासारखी वागू लागते आणि दोन-तीन आठवड्यांत खरोखरीचा नर होते. 'ती आली' म्हणावे की 'तो आला'? इंग्रजीत हा प्रश्न सहज टाळता येतो, आमच्या भाषेत क्रियापद वाट अडवून उभे राहते.

आता निवडीविषयी. दुकानात गेल्यावर रंगाला भुलू नये, हे सांगणे सोपे आणि पाळणे फार कठीण. कोरिस जातीचे पिल्लू शेंदरी अंगावर पांढरे ठिपके घेऊन असे काही मिरवते की हात आपोआप पैशाच्या पाकिटाकडे जातो. तेच पिल्लू पुढे हातभर वाढते, दगड उलथेपालथे करते आणि शंख, कोळंबी जे सापडेल ते फस्त करते. सहा रेघांचा रॅस जेमतेम तीन इंचांचा, दिसायला गोजिरवाणा, किडे खाण्यात पटाईत, परंतु आधी स्थायिक झाला तर नंतर येणाऱ्या प्रत्येकाचा छळ करतो. तो ठेवायचाच तर सर्वांच्या शेवटी आणावा. शांत स्वभावाचे आधी आणि दांडगे मागाहून, हा क्रम चुकला की टाकीचे कुरुक्षेत्र होते. माझ्या मते पहिल्यांदा ठेवणाऱ्याने परीरॅस किंवा पिवळा रॅस निवडावा. परीरॅसचा एका जातीचा एकच नर असावा. नवा मासा सोडताना जुना अंगावर धावून जाऊ लागला तर टाकीबाहेर आरसा टेकवून ठेवावा. जुने महाराज आपल्याच प्रतिबिंबाशी लढण्यात दोन दिवस गुंतून राहतात आणि तेवढ्यात नवा पाहुणा जागा पाहून घेतो.

मासा निवडताना मी तीन गोष्टी पाहते. पोट खपाटीला गेलेले नसावे. तोंडाला जखम किंवा सूज नसावी, कारण वाळूत शिरण्याची सवय असलेला रॅस प्रवासात पिशवीच्या तळाशी तोंड आपटत राहतो. आणि तो माझ्यासमोर खाताना दिसला पाहिजे. दुकानदार "आत्ताच खाऊन झाले" म्हणाला, तर मी "उद्या येते" म्हणते.

हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. पहिल्या वर्षी एका दुकानदाराने मला साफकरी रॅस विकला. हा इतर माशांच्या अंगावरचे परजीवी टिपून खातो. समुद्रात त्याच्यापुढे मोठमोठे मासे रांग लावतात, हे खरे आहे. "तुमच्या माशांचा घरबसल्या डॉक्टर," असे ते गृहस्थ म्हणाले. माझ्या टाकीत तेव्हा चारच मासे, तेही निरोगी. डॉक्टरला रोगीच नव्हते. इतर खाणे त्याने पत्करले नाही आणि सहा आठवड्यांत तो माझ्या डोळ्यांदेखत झिजून मेला. पुढे वाचनात आले की, जपानमधील मासानोरी कोहदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 साली याच माशाच्या गळ्याखाली तपकिरी ठिपका उमटवून त्याला आरसा दाखवला, तेव्हा काही माशांनी स्वतःचा गळा वाळूवर घासून तो ठिपका काढण्याचा प्रयत्न केला. ते वाचल्यावर मला रात्री बराच वेळ झोप आली नाही. हा मासा घरी आणू नये, हे माझे आपणांस सांगणे आहे.

दुसरा गेला तो उडी मारून. रॅस घाबरला की पाण्याबाहेर झेप घेतो. टाकीवर बारीक छिद्रांची घट्ट जाळी हवी. ती मी 'येत्या रविवारी' बसवणार होते. शनिवारी सकाळी कपाटामागे वाळलेला परीरॅस सापडला.

आणि तिसरा मृत्यू, ज्यासाठी मी आज लिहायला बसले आहे.

रॅसांच्या निजण्याच्या दोन तऱ्हा आहेत. परीरॅस आणि त्याचे भाऊबंद रात्री दगडाच्या कपारीत शिरून अंगाभोवती चिकट पातळ कोष विणतात आणि त्यात झोपतात. सकाळी तो कोष जुन्या दुलईसारखा टाकून बाहेर येतात. पिवळा रॅस, कोरिस, बिबट्या रॅस ही मंडळी मात्र चक्क वाळूत शिरतात. यांच्यासाठी दोन इंच तरी बारीक वाळू हवी. भय वाटले तरी वाळू, रात्र झाली तरी वाळू, आणि नवीन घरी आले की पहिले काही दिवस वाळूच.

हे सारे मी वाचले होते. तरीसुद्धा त्या फेब्रुवारीत सोमवारी संध्याकाळी बिबट्या रॅसची एक मादी आणली. पांढुरक्या अंगावर काळे ठिपके, इंडोनेशियाहून आलेली. नवा मासा काही आठवडे वेगळा ठेवावा लागतो, म्हणून बाहेरच्या खोलीत एक छोटी टाकी, तळाशी वाळूने भरलेले पसरट भांडे. मासा पाण्यात सोडताच भांड्यात नाहीसा झाला. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. सकाळची धांदल, खोलीचे पडदे ओढलेले, मी साडेआठला कचेरीत जाणार आणि सहानंतर परतून टाकीवरचा दिवा लावून बसणार. गुरुवारी रात्री माझा धीर सुटला. मेली असेल, पाणी नासेल, असे स्वतःला समजावून मी वाळूत बोटे घातली. ती मेलेली नव्हती. अशी काही उसळली की काचेवर तोंड आपटले, पुन्हा आपटले. त्यानंतर तिने काही खाल्ले नाही. आठव्या दिवशी गेली.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये माझी आई गेली आणि मी अण्णांना दिल्लीला घेऊन आले. अण्णा म्हणजे माझे वडील. टपालखात्यात छत्तीस वर्षे काढलेले, घड्याळाचे पक्के. मुलीच्या घरी राहायचे ही कल्पनाच त्यांच्या पिढीला जड. आले ते लोखंडी ट्रंक घेऊन, आणि ती ट्रंक त्यांनी बाहेरच्या खोलीतल्या आपल्या खाटेखाली सरकवली ती सरकवलीच. रोजचे दोन सदरे पिशवीतून काढीत आणि पिशवीतच ठेवीत. कुणाशी बोलत नसत. मी त्यांना शेजाऱ्यांकडे नेले, महाराष्ट्र मंडळात नेले, संध्याकाळी बागेत नेले. ते निमूट येत आणि निमूट परतत. एकदा मोठ्या टाकीपुढे उभे राहून, एवढ्याशा माशांचे तिखले किती जणांना पुरणार, एवढे मात्र त्यांनी विचारले.

मेच्या अखेरीस मी पुन्हा एक बिबट्या रॅस आणली, पुन्हा तिकडचीच. छोटी टाकी अण्णांच्या खाटेशेजारी. मासा वाळूत गेला. दुसऱ्या संध्याकाळी मी टाकीपुढे उकिडवी बसले असता अण्णा खाटेवरून म्हणाले, "गो, झोपूं दे तेका." मी वळून पाहिले. ते पुढे म्हणाले की, रापणीचे जाळे आले की मुडदुशी अशीच रेतीत शिरते, आणि तिला शोधायला कोणी रेती उकरीत नाही. दीड महिन्यात ते माझ्याशी एवढे बोलले नव्हते.

चौथ्या दिवशी सकाळी चहा देताना पाहते तो ट्रंक खाटेबाहेर ओढलेली, झाकण उघडे, आणि अण्णांच्या मांडीवर एक जुनी, पुठ्ठ्याची नोंदवही. तिच्यात डाव्या बाजूला तारीख आणि पुढे टपालाची थैली आल्या-गेल्याच्या वेळा लिहाव्यात तशा ओळी होत्या : 'पहिला दिवस. दर्शन नाही. दुसरा दिवस. दर्शन नाही. तिसरा दिवस. सकाळी 5-10 ला डोके बाहेर. 5-25 ला पूर्ण बाहेर. दुपारी 3-40 ला वाळूत.'

अण्णा पहाटे चारला उठणारे. उन्हाळ्यात दिल्लीला पाचच्या सुमारास उजाडू लागते, आणि ते उठताच खिडकीचा पडदा सारीत. आम्ही सारे झोपेत असताना ती त्यांच्यासमोर हिंडत होती आणि मी कचेरीतून येण्याच्या दोन तास आधी निजत होती. मी घड्याळ मांडून पाहिले. बालीचे घड्याळ आपल्यापुढे अडीच तास आहे. तेथे संध्याकाळी सहा वाजता सूर्य कलला की आमच्याकडे दुपारचे साडेतीन. मासा दिल्लीत येऊनही बालीच्या वेळेने उठत आणि निजत होता. पहिलीसुद्धा बहुधा तशीच उठत असेल, बंद पडद्याआड, आणि पाहायला कोणी नसेल. ती गुरुवारची रात्र तिच्या हिशेबाने मध्यरात्र उलटून गेलेली होती.

नंतरचे तीन आठवडे मी त्या माशाची मालकीण उरले नाही. खारट पाण्यात हवा सोडून आर्टेमियाची अंडी उबवायची, चोवीस-तीस तासांनी ती बारीक नारिंगी पिल्ले गाळून पहाटे टाकीत सोडायची, हे सारे काम अण्णांनी आपल्याकडे घेतले. वेळा रोज पाच-दहा मिनिटांनी पुढे सरकत गेल्या. 'दहावा दिवस : 6-05 ते 4-30. तीन वेळा खाल्ले.' 'अठरावा दिवस : 6-50 ते 5-35. वीज गेली होती, तरी घाबरली नाही.' तेविसाव्या दिवशी मी कचेरीतून आले तेव्हा ती बाहेर होती, दगडाच्या कडेने एक डोळा वर आणि एक खाली असा फिरवीत. अण्णांनी मला खुणेनेच बसायला सांगितले. दहा मिनिटांनी तिने नाक खाली केले, अंगाला एक झटका दिला आणि गेली. "6-15," अण्णा म्हणाले आणि लिहू लागले.

ट्रंक मात्र त्या दिवसापासून खाटेखाली गेली नाही. सदरे कपाटात आले. महाराष्ट्र मंडळात ते आजही जात नाहीत, आणि मीही आता नेत नाही.

आपणांपैकी कोणी इंदूरला, कोणी बडोद्याला, कोणी हैदराबादला हे वाचत असाल आणि समुद्राची आठवण म्हणून अशी टाकी मांडावी असे कोणाच्या मनात येत असेल, तर एक बाब लक्षात ठेवावी. हे मासे बहुतांशी समुद्रातून पकडून आणलेले असतात, आपल्या हौसेपायी. मालदीवजवळचा गुलाबी परीरॅस 2022 साली शास्त्रीय नावाने नोंदला गेला. धिवेही भाषेतल्या 'फिनिफेन्मा' म्हणजे गुलाब या शब्दावरून त्याचे नाव ठेवले, आणि ते ठेवणाऱ्यांत अहमद नजीब हे मालदीवचे संशोधक होते. त्याला हे नाव मिळण्यापूर्वीच तो व्यापाऱ्यांच्या पिशव्यांतून परदेशी जात होता. म्हणून थोडे ठेवावेत, आणि ठेवले ते जगवावेत. मी तीन मारले आहेत. आज माझ्याकडे चार आहेत आणि गेल्या दोन वर्षांत पाचवा आणलेला नाही.

यंदा अण्णा चतुर्थीला मालवणला गेले ते अजून तिकडेच आहेत. घराची कौले परतायची आहेत. नोंदवही जाताना टाकीवर ठेवून गेले. रात्री साडेआठला त्यांचा फोन येतो. माझी, जावयाची, नातवाची चौकशी होते, आणि मग विचारतात, ती आज कितीला उठली? मी वही उघडून वाचून दाखवते. काल मी नोंद करायला विसरले होते. अंदाजाने 7-30 सांगितले, तर ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "बरां. जाळी घट्ट लाव."